मधले चार महिने

2025च्या एप्रिलअखेरीस माझी भाची एमएचटी-सीईटीचा, म्हणजे बारावीनंतरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा, पेपर देऊन घरी आली, तिने दप्तर दारामागच्या खुंटीला अडकवले आणि ती झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उठली, तिसऱ्या दिवशीही तसेच झाले. आठवड्याभराने तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा फोन आला की पोरगी दिवसभर खोलीत पडून असते, काही विचारले तर अंगावर येते, नाहीतर डोळ्यांत पाणी आणते. परीक्षा तर संपली, मग आता हिला ताण कसला? मी पंचवीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे आणि हा प्रश्न दर वर्षी मे महिन्यात निदान दहा-बारा आयांनी मला विचारलेला आहे. इतकी वर्षे मी त्यांना ‘थोडी विश्रांती घेऊ द्या, होईल सगळे ठीक’ असे सांगत आले. ताईला तेच सांगायला तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की या उत्तरात काहीच नाही, आणि ते मी इतक्या घरांना दिलेले आहे.

शास्त्र शाखेतल्या मुलाची अकरावी-बारावीची दोन वर्षे कशी जातात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी क्लास, मग महाविद्यालयातले प्रॅक्टिकल, दुपारी जेवण झाले न झाले तोच दुसरा क्लास, रात्री सरावपत्रिका, रविवारी टेस्ट आणि सोमवारी त्या टेस्टचे गुण भिंतीवर. दिवसाच्या कोणत्या तासाला काय करायचे, हे सतत दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. त्या वर्षी बोर्डाची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालली. लगेच एप्रिलमध्ये सीईटी. ज्यांना वैद्यकीयला जायचे होते त्यांची नीट 4 मे रोजी. इथपर्यंत मूल पळत असते आणि पळण्यात एक आधार असतो. पेपर संपतो त्या संध्याकाळी तो आधार अचानक निघून जातो. पुढे ऑगस्टपर्यंत जवळजवळ चार महिने असे असतात की ज्यांत करण्यासारखे काहीच नाही, आणि आयुष्याचे सगळे मात्र याच महिन्यांत ठरणार आहे. मुलांना जड जाते ते हे रिकामेपण, असे माझे मत आहे. प्रश्नपत्रिकेचा ताण अभ्यासाने कमी करता येतो. निकालाची वाट पाहण्याचा ताण कमी करण्यासाठी मुलाच्या हातात आपण काहीच ठेवलेले नसते.

आपल्या राज्यात ‘कॉलेज’ हा शब्द मुले सोळाव्या वर्षीच वापरू लागतात, हेही पालकांच्या लक्षात न येण्याचे एक कारण असावे. दहावीनंतर मूल कॉलेजला गेले, म्हणजे एक उंबरठा ओलांडून झाला, असे घराला वाटते. प्रत्यक्षात कनिष्ठ महाविद्यालयात जाणारे मूल त्याच घरातून, त्याच सायकलवरून, तोच डबा घेऊन निघत असते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मला बाजारात भेटतात. बारावीनंतर पुण्याला, कोल्हापूरला किंवा मुंबईला गेलेल्या मुलाला त्याच्या वडिलांना ओळखणारा एकही शिक्षक भेटत नाही.

मी दोन दिवसांची रजा काढून ताईकडे गेले. पहिल्या रात्री मी भाचीच्या खोलीतच झोपले आणि पाहिले की अडीच वाजेपर्यंत तिच्या फोनचा उजेड भिंतीवर हलत होता. सकाळी भाऊजी म्हणाले, की हा सगळा आळस आहे. मला त्यांना समजावून सांगावे लागले की या वयात झोप आणणारे मेलॅटोनिन शरीरात मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवू लागते, मुलांना झोप उशिरा येते ती त्यांच्या लबाडीमुळे नव्हे. आणि तरीही त्यांना आठ ते दहा तास झोप लागतेच. वर्षभर सहा तासांवर ढकललेले शरीर पेपर संपल्यावर ती उसनवारी फेडून घेते. पहिले आठ-दहा दिवस ती झोप होऊ द्यावी. मात्र त्यानंतर उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी, झोपायची वेळ हळूहळू तिच्या मागोमाग येते, आणि फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा असेल तर तो घरातल्या सगळ्यांनीच लावावा. भाऊजींनी स्वतःचा फोन स्वयंपाकघरात ठेवायला सुरुवात केली, त्या दिवसापासून भाचीचाही तिथे जाऊ लागला. तिच्याशी त्याबद्दल कोणी एक शब्द बोलले नव्हते.

5 मे रोजी दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. नऊ विभागीय मंडळांचा मिळून निकाल 91.88 टक्के होता. म्हणजे शंभरांतली जवळजवळ ब्याण्णव मुले उत्तीर्ण झाली होती, आणि तरी त्या दुपारी मला आलेल्या फोनांपैकी आनंदाचे फोन फार थोडे होते. भाचीला ७८ टक्के मिळाले. तिच्या सीईटीचा निकाल लागला 16 जूनला, 91 पर्सेंटाइल. या दोन आकड्यांनी त्या घरात जो गोंधळ घातला तो मी विसरू शकत नाही, कारण तो निव्वळ अज्ञानाचा होता आणि त्याचे ओझे मुलीने वाहिले. गावाकडून आलेल्या काकांनी विचारले, की बोर्डात अठ्ठ्याहत्तरच आणि सीईटीत एक्क्याण्णव कसे, कॉपी वगैरे नाही ना झाली. शेजारच्या काकूंना एक्क्याण्णव म्हणजे दोनशेपैकी एकशे ब्याऐंशी वाटले. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून त्या सत्रात बसलेल्या मुलांमध्ये आपले मूल कुठे आहे हे पर्सेंटाइल सांगते. 91 पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या दर शंभरांपैकी एक्क्याण्णव मुलांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत. हे मी ताईच्या ओसरीवर चहाच्या कपबश्या मांडून सगळ्यांना समजावले. भाची दारात उभी राहून ऐकत होती. रात्री ती मला म्हणाली, ‘मावशी, मला वाटत होते मी सगळ्यांना फसवलेय.’ इतके दिवस आपल्या खोलीत ती हा विचार एकटीने करत होती.

रसायनशास्त्राच्या तासाला मी अतिसंपृक्त द्रावण दाखवते. कढत पाण्यात सोडियम थायोसल्फेट मावेल तितके विरघळवून ते न हलवता थंड केले, तर चंचुपात्रात नितळ पाणी असल्यासारखे दिसते. त्यात एक बारीक खडा टाकला की क्षणात सगळे द्रावण गोठते आणि काच हाताला गरम लागते. या काळातली मुले मला तशी वाटतात. वरून शांत दिसणाऱ्या मुलाला एखाद्या लग्नाच्या पंगतीत कोणी विचारते, ‘मग, पुढे काय?’ आणि ते ताटावरून उठून जाते. विचारणाऱ्याने वाईट हेतूने विचारलेले नसते. पण तो त्या आठवड्यातला विसावा माणूस असतो. ताईला मी एवढेच सुचवले की या प्रश्नाचे उत्तर मुलीने देण्याची वाट न पाहता तिने स्वतः पुढे होऊन द्यावे: ‘फॉर्म भरलाय, जुलैत यादी लागेल, तेव्हा सांगू.’ मुलीच्या वतीने आईने बोललेले हे एक वाक्य चार पाहुण्यांना पुरते.

या सगळ्याच्या खाली एक गोष्ट असते जिच्याबद्दल मुले विचारत नाहीत, ती म्हणजे पैसा. मी 1992 साली बारावी झाले आणि पदवीसाठी कोल्हापूरला जाणार होते, तेव्हा माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि आम्ही तीन भावंडे होतो. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवून एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब लिहून दाखवला: पगार किती, घरखर्च किती, सोसायटीचा हप्ता किती, आणि माझ्यासाठी दरमहा किती निघतात. शेवटचा आकडा फार लहान होता. तरी त्या रात्री मी किती तरी दिवसांनी स्वस्थ झोपले, कारण तोपर्यंत माझ्या मनात जो आकडा होता तो शून्य होता, आणि मी गेले तर धाकट्याची शाळा बंद पडेल असे मी स्वतःशी ठरवून बसले होते. ‘पैशाची काळजी तू करू नकोस’ हे वाक्य प्रेमाने बोलले जाते हे मला मान्य आहे, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ते ऐकून काळजीच वाटते. घरात दडवण्यासारखे काही आहे, एवढेच त्याला त्यातून कळते.

म्हणून भाऊजींनी भाचीला हिशेब दाखवावा, असा आग्रह मी धरला. ते दोन दिवस टाळत होते, मग एका संध्याकाळी बसले. त्या बैठकीत असेही निघाले की जुलै 2024च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. भाची या प्रवर्गात बसत होती आणि घरात ही गोष्ट कोणालाच नीट माहीत नव्हती. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचे असतात, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर हे सगळे वेळेत हातात हवे. आता कामच निघाले. दुसऱ्या दिवसापासून भाची स्वतः सेतू केंद्रात जाऊ लागली. तलाठ्याचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यात जन्मगावाच्या नावात झालेली एका अक्षराची चूक, तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र. या कामांचा मुलांना त्रास होतो, म्हणून ती पालकांनी परस्पर उरकावीत, असा आमच्याकडे रिवाज आहे. मला तो चुकीचा वाटतो. रांगेत उभे राहून एक कागद मिळवून आणलेली मुलगी त्या संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाते, हे मी पाहिले आहे. कितीतरी दिवसांनी तिच्या कष्टाचे फळ त्याच दिवशी तिच्या हातात पडलेले असते.

पसंतिक्रम ठरवण्याच्या दिवसांत तर मी ताईकडे मुक्कामालाच होते. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत त्या वर्षी तीनऐवजी चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत यादीतले पहिलेच महाविद्यालय मिळाले तर ते घ्यावेच लागणार होते, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे याला फार महत्त्व आले होते. प्रत्येक घरात याच दिवसांत भांडणे होतात. आम्ही एक साधी गोष्ट केली. आधी कागदावर यादी लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे भाचीने एक वाक्य लिहायचे: इथे प्रवेश मिळाला तर माझा पहिला सोमवार कसा असेल. चार महाविद्यालयांच्या पुढे तिला काहीच लिहिता येईना, कारण ती तिने कोणाकडून तरी ऐकून यादीत घातली होती. त्यातली दोन आम्ही काढली आणि दोन पाहायला पुण्याला जायचे ठरवले. निकाल काय लागेल ते आमच्या हातात नव्हते, पण यादीतल्या कोणत्याही जागी आपण राहू शकतो असे तिला वाटायला हवे होते, तेवढे त्या कागदाने साधले.

माझ्या वर्गातला एक मुलगा मला या संदर्भात नेहमी आठवतो. माण तालुक्यातल्या एका वाडीतून तो आला होता, वडील ट्रॅक्टर चालवत. गणितात तो इतका तयार होता की क्लासवाल्यांनी त्याचा फोटो फ्लेक्सवर लावला. मुंबईत प्रवेश मिळाल्यावर तो पेढे घेऊन आला आणि पेढे देऊन झाल्यावर उभाच राहिला. खूप वेळाने त्याने विचारले, ‘मॅडम, पहिल्या दिवशी इंग्रजीत ओळख करून द्यायला लावतात का?’ दोन वर्षे शास्त्राचे विषय इंग्रजीत शिकलेला हा मुलगा स्वतःबद्दल इंग्रजीत एकही वाक्य मोठ्याने बोललेला नव्हता. फ्लेक्सवरच्या चेहऱ्याला अशी भीती असेल हे घरातल्या कोणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. आम्ही प्रयोगशाळेत बसून चार वाक्ये तयार केली: नाव, गाव, आवडता विषय आणि ‘मी मराठीत विचार करतो, म्हणून मला थोडा वेळ लागतो.’ ती चार वाक्ये तो आठवडाभर रोज येऊन मला म्हणून दाखवत असे. भीती केवढी आणि तिच्यावरचा उपाय केवढासा, याचे मला आजही आश्चर्य वाटते. पण ती भीती सांगण्यासाठी त्याला पेढ्यांचे निमित्त लागले. ज्या मुलांना असे निमित्त मिळत नाही ती काय करत असतील, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

एक वर्ष थांबून पुन्हा नीट देण्याविषयी, म्हणजे ‘ड्रॉप’ घेण्याविषयी, मला फार लिहायचे नाही. काही मुलांसाठी तो निर्णय योग्य ठरतो. तो निकालाच्या आठवड्यात घेऊ नये आणि मुलाच्या डोळ्यांकडे पाहिल्याशिवाय घेऊ नये, एवढे मात्र मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगते. वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून ‘हो’ म्हणणारी मुले मी बरीच पाहिली आहेत.

आणि काही वेळा हे सारे अपुरे पडते. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असणे, आवडीचे अन्नही नको वाटणे, मित्रांचे फोन घेणे बंद होणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द येणे, ही वयाची लक्षणे म्हणून सोडून देऊ नयेत. असे शब्द आले तर मुलाला शांतपणे आणि सरळ विचारावे, की तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. विचारल्याने मूल एकटे उरत नाही. त्याच्याजवळ थांबावे, त्याला एकटे सोडू नये आणि उशीर न करता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. एका विद्यार्थ्याला मी त्याच्या वडिलांसोबत जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले होते. बाकावर बसल्यावर वडिलांनी मुलाचा हात हातात घेतला, आणि आत बोलावेपर्यंत पाऊण तास तो तसाच धरून ठेवला. मुलगा नंतर मला म्हणाला, की औषधाआधी मला तेच लागू पडले. औषधही त्याने नियमित घेतले, आणि आज तो नोकरी करतो आहे.

जुलैच्या मध्यावर आम्ही तिघी सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो. खंबाटकी घाटात पाऊस होता. पहिल्या महाविद्यालयात भाची माझ्या मागे मागे चालत होती, दुसऱ्यात ती पुढे गेली आणि तिने ग्रंथालय कुठे आहे ते स्वतः विचारले. तिथल्या वसतिगृहाच्या बाईंनी आम्हाला एक रिकामी खोली पाहू दिली: तीन कॉट, तीन कपाटे, एक खिडकी, भिंतीवर कुणीतरी चिकटवलेली आवर्तसारणी. भाचीने सगळीकडे पाहिले, खिडकी उघडली, बंद केली आणि म्हणाली, ‘कपडे कुठे वाळत घालायचे?’ महिनोन्‌महिने ज्या मुलीला उद्याबद्दल बोललेले सहन होत नव्हते, तिने विचारलेला उद्याबद्दलचा हा पहिला प्रश्न होता. परतताना स्वारगेटजवळच्या एका दुकानातून आम्ही दहा मीटर नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे घेतले. ताईला वाटत होते की प्रवेश अजून कुठे झालाय, आत्तापासून कशाला. मी घ्यायलाच लावले. त्या जुलैत घरात रोज एक काम ठरले होते: कपडे हाताने धुणे, कुकरला वरण-भात लावणे, बँकेत जाऊन पैसे भरणे, ताप आला तर कोणती गोळी किती वेळाने घ्यायची ते एका कागदावर लिहून घेणे. ती दोरी माडीवर दोन खिळ्यांना बांधून भाची रोज आपले कपडे त्यावर घालत असे.

दुसऱ्या फेरीत तिला यादीतले पाचवे महाविद्यालय मिळाले. जे पाहून आलो होतो त्यांपैकी ते नव्हते. भाऊजींना पुढच्या फेरीची वाट पाहावीशी वाटत होती. भाचीने तो कागद काढला, पाचव्या नावापुढे जूनमध्ये आपण काय लिहिले होते ते वाचले, आणि जागा स्वीकारली. तिला सोडायला ताई आणि भाऊजी गेले, मी मुद्दामच गेले नाही.

पहिल्या रविवारी रात्री तिचा फोन आला. पाणी खारट लागते, मेसची पोळी वातड आहे, शेजारच्या खोलीतली एक मुलगी सारखी रडते, सोमवारी आठला वर्कशॉप आहे, हे सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, की नांदेडहून आलेल्या मैत्रिणीने दोरी आणलेली नव्हती, म्हणून अर्धी दोरी तिला दिली आहे. पण आता दोघींचे कपडे एका दिवशी मावत नाहीत, तर अजून पाच मीटर कुठे मिळेल?